माझ्या कोटाची आई

शेळ्यांच्या बाबतीत तुमचं काहीही अडलं, तर सरळ माझ्याकडे या. हातचं राखून न ठेवता सांगेन! शेळी का ओरडते, कधी ओरडते, ओरडत नसेल तर का ओरडत नाही, सगळं मला ठाऊक आहे. उगाच नाही आमच्याकडे सगळे मला ‘प्रोफेसर’ म्हणत. आता कॉलेजची पायरी मी एकदाच चढलोय, तीही कॅन्टीनमध्ये कोबीची पोती उतरवायला. पण नाव पडलं ते पडलं.

नाव ठेवलं आमच्या शेजाऱ्याने. त्याला मी भाई म्हणतो. आमची शेतं लागून आहेत. मी रविवारी चर्चला जाणारा, तो शुक्रवारी मशिदीत जाणारा. पूर्वी मध्ये काटेरी कुंपण होतं, आणि ‘काय, बरं आहे ना?’ याच्या पलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मग एके दिवशी त्याची एक पांढरी शेळी कुंपणावरून उडी मारून आली, माझा कोबीचा अर्धा वाफा फस्त केला आणि तिथेच रवंथ करत बसली. मी काठी घेऊन धावलो, तो माफी मागायला धावला, बायको चहा घेऊन आली. मी त्याला शेळी कुंपण का ओलांडते यावर थोडंसं सांगितलं. थोडंसं म्हणजे दुपार कलली. उठताना तो म्हणाला, “प्रोफेसर, पुढचा तास कधी?”

तेव्हापासून मी प्रोफेसर, ती शेळी ‘पाहुणी’, आणि कुंपण गेलं ते गेलंच. त्या जागेवर आता दोघांच्या शेळ्यांचा एकच गोठा आहे. शुक्रवारी दुपारी सगळ्या शेळ्या मी बघतो, रविवारी सकाळी तो बघतो. शेळ्यांना ना शुक्रवार कळतो ना रविवार, त्यांना फक्त चारा कळतो.

तर झालं असं. पाहुणी म्हातारी झाली होती. शनिवारी तिन्हीसांजेला ती व्याली, पिल्लू चाटून स्वच्छ केलं आणि उजाडायच्या आत बिचारी गेली. मागे राहिलं मूठभर पिल्लू. पांढरं, एका कानावर तपकिरी ठिपका. मी सकाळी गोठ्यात गेलो तर भाई ते शर्टाच्या आत, पोटाशी धरून बसला होता. भाई मुळात फार बोलणारा माणूस नव्हे. काही बोलायचं झालं तर आधी घसा खाकरतो, परवानगी मागितल्यासारखा. त्या सकाळी तो घसासुद्धा खाकरत नव्हता.

“बाटलीने पाजलंस का?” मी विचारलं.

“तोंड फिरवतंय. चार थेंब गेले असतील.” मग म्हणाला, “पाहुणीचं एवढंच उरलंय यार.”

पाहुणीने तेव्हा उडी मारली नसती, तर मला हा मित्र मिळाला नसता. आम्ही दोघं आजही कुंपणाच्या दोन बाजूंनी ‘बरं आहे ना’ करत बसलो असतो. मी तिथल्या तिथे निर्धार केला!

“भाई, काही काळजी करू नकोस! माझी मास्तरीण आज व्यायला आलीये. तिच्या पिल्लासोबत हेही तिला लावून देऊ. दोन आचळं, दोन पिल्लं, हिशेब पक्का! संध्याकाळच्या आत हे पिल्लू मास्तरणीला लुचलं नाही, तर मला प्रोफेसर म्हणू नकोस!”

“नाव मीच ठेवलंय,” भाई म्हणाला. “काढायला वेळ लागणार नाही.”

मास्तरीण म्हणजे माझी काळी शेळी. गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तशी ती माणसांकडे बघते, म्हणून हे नाव. दूध मात्र भरपूर. तिला भाईच्या हवाली केलं, काळा कोट चढवला आणि मी चर्चला गेलो.

या कोटाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हा कोट माझ्या सासऱ्यांनी लग्नात शिवून दिलेला. श्वास आत ओढून धरला तर अजूनही होतो. त्याचं मधलं बटण एकदा तुटलं तेव्हा बायकोने तपकिरी बटण लावून दिलं, बाकी सगळा काळाकुळकुळीत. दर रविवारी तो अंगावर, उरलेले दिवस कपाटात. त्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी बायकोचा जीव खालीवर होतो.

चर्चमधून परत येतोय तर भाई गोठ्याच्या दारात उभा राहून दोन्ही हात हलवतोय! मी तसाच कोटासकट आत धावलो. मास्तरीण व्याली होती, पण पिल्लू हलत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसलो. बाहीने पुसलं, कोटाच्या पुढच्या भागाने चोळलं, मागच्या भागाने चोळलं, नाकात फुंकर घातली. काही उपयोग झाला नाही. भाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने ते मेलेलं पिल्लू अलगद बाजूला घेतलं आणि शर्टातून पाहुणीचं पिल्लू काढून माझ्यापुढे धरलं.

“प्रोफेसर, आता लगेच. ते पाणी याला चोळ.”

आता हे मला माहीत नव्हतं का? अहो, शेळी पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं! व्याल्याबरोबर शेळी पिल्लाच्या अंगावरचं ते पाणी चाटते, त्याचा वास डोक्यात पक्का करते, आणि मग ज्याला तो वास तेच तिचं लेकरू. परकं पिल्लू लावायचं तर ते पाणी त्याला तेवढ्यातच चोळायला हवं. मला अगदी तपशीलवार माहीत होतं. आणि भाईलाही तपशीलवार कळावं म्हणून मी समजावून सांगायला लागलो.

“बघ हं भाई, यातली गंमत काय आहे—”

“प्रोफेसर, आधी चोळ.”

“चोळतो रे, मुद्दा तर ऐक! आई काही डोळ्यांनी ओळखत नाही. आपल्याला वाटतं, बघते आणि ओळखते. साफ चूक!” मी एक हात हवेत उंचावला, दुसरा मास्तरणीच्या नाकापुढे हलवत राहिलो. “सगळा खेळ नाकाचा!”

“प्रोफेसर, ती—”

“मध्ये बोलू नकोस, माझा धागा तुटतो. तर नाक! एकदा का आईने नाकाने शिक्का मारला, की मग तुम्ही काहीही करा—”

“मारला,” भाई म्हणाला.

“काय मारला?”

“शिक्का.”

मी खाली बघितलं. मास्तरीण माझी बाही चाटत होती. नुसती चाटत नव्हती, मनगटापासून कोपरापर्यंत लेकरू न्हाऊ घालावं तशी स्वच्छ करत होती. आणि घशातून, व्यालेली शेळी फक्त पिल्लासाठी काढते ना, तो हळुवार हुंकार काढत होती! मी हात डावीकडे नेला, ती डावीकडे. उजवीकडे नेला, ती उजवीकडे. भाईने घाईघाईने पाहुणीचं पिल्लू तिच्यापुढे ठेवलं. तिने ते एकदाच हुंगलं आणि अशी ढुशी दिली की ते गवतात उलटंपालटं झालं. मग ती वळून माझ्या कोटाच्या खिशात तोंड खुपसून उभी राहिली.

“तुला मुलगा समजतेय ती,” भाई म्हणाला.

“मला नाही, कोटाला!”

“मग कोट काढ आणि पिल्लावर घाल.”

किती सोपं होतं! पण मला हा उपाय आधी सुचला नव्हता, आणि जो उपाय मला आधी सुचत नाही तो मला पटतच नाही. शिवाय कोट सासऱ्यांचा. “छे!” मी म्हणालो. “कोट नजरेआड केला की ती विसरेल. पिल्लू शेजारी बांध. संध्याकाळपर्यंत आपणहून जवळ घेते की नाही बघ!”

आणि मी ऐटीत घरी गेलो. बायकोने दारातच मला बघितलं.

“अहो! बाबांनी दिलेला कोट!”

“एक जीव वाचवत होतो मी!”

“रुमाल नव्हता जीव वाचवायला?”

तिने कोट माझ्या अंगावरून अक्षरशः सोलून काढला, पिशवीत कोंबला आणि तडक लाँड्रीवाल्याच्या दुकानात नेऊन टाकला. मी मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं. लेकरू गेलं नजरेआड, आता मास्तरीण ठिकाणावर येईल!

ठिकाणावर? तिने गोठा डोक्यावर घेतला! पाला नको, पाणी नको, नुसता टाहो. पाहुणीचं पिल्लू जवळ गेलं की ढुशी. आम्ही तिला धरून थोडं दूध काढायला गेलो, तर तिने पान्हा चोरला. भरलेली कास, पण दुधाचा थेंब सोडेना. कसंबसं चमचाभर निघालं, ते भाईने कापसाच्या बोळ्याने पिल्लाच्या तोंडात पिळलं. सोमवारी सकाळी भाईची बायको, म्हणजे आमच्या भाभी, दारात येऊन म्हणाल्या, “भाऊ, आमच्याकडे कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. ती एकीकडे रडते, हे एकीकडे बसून राहतात.”

दुपारपर्यंत पिल्लाने मान टाकली. पोट आत गेलं होतं, ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं. भाईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं! त्याने फक्त घसा खाकरला.

“प्रोफेसर, कोट कुठे आहे?”

“लाँड्रीत.”

“धुतला असेल?”

तेव्हा पहिल्यांदा माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या वासावर या पिल्लाचा जीव होता, आणि मी तो साबणाच्या पाण्यात पाठवला होता! “चल!” मी ओरडलो. भाईने पिल्लू शर्टात घातलं आणि मास्तरणीचं दावं सोडलं.

“तिला कशाला?”

“कोट मिळाला की तिथेच पाजू. परत यायला वेळ नाही.”

भर दुपारी, भर रस्त्याने, पुढे मी, मागे पोट फुगलेला भाई, त्याच्या मागे बोंबलणारी शेळी, अशी आमची वरात लाँड्रीवाल्याकडे पोचली. तो बनियनवर इस्त्री फिरवत होता.

“कोट? तयार आहे की! स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री! नवरदेवाला घाला!”

त्याने कोट पुढे केला. मास्तरणीने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. भाईचा चेहरा बघवेना. एवढ्यात माझं लक्ष बटणांकडे गेलं. सगळी काळी!

“हा माझा नाही! माझ्या कोटाला मधलं बटण तपकिरी आहे!”

लाँड्रीवाल्याने डोकं खाजवलं. “मग अदलाबदल झाली वाटतं. पाळकसाहेबांचाही काळाच कोट होता ना. ते मघाशीच घेऊन गेले. पण चिंता नको, तुमचाही तितकाच चकाचक धुतलाय!”

आता पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे पास्टर. म्हणजे कोट चर्चमध्ये, आणि तोही चकाचक! मी मटकन बाकावर बसलो. तोच मागून हुंकार ऐकू आला. घशातून निघालेला, हळुवार. मास्तरीण पुढचे दोन पाय टेबलावर टेकवून उभी होती आणि इस्त्रीसाठी त्यावर अंथरलेलं कापड चाटत होती!

भाईने टेबलाकडे बघितलं, मग लाँड्रीवाल्याकडे.

“कोटाचा वास इथे उतरलाय. तू तो धुतलाच नाहीस. नुसती इस्त्री फिरवलीस.”

लाँड्रीवाल्याचं तोंड पडलं. “अहो, काल पाणी नव्हतं... काळ्या कपड्यावर काय दिसतंय असं वाटलं... कुणाला सांगू नका!”

मी उठून त्याला कडकडून मिठी मारली! “देव तुझं कल्याण करो!”

“अल्ला बरकत देवो तुझ्या हाताला!” भाई म्हणाला आणि त्याचा हात धरून गदागदा हलवला.

कपडे न धुतल्याबद्दल दोन-दोन धर्मांचे आशीर्वाद घेऊन तो माणूस इस्त्री बनियनवर टेकवून तसाच उभा राहिला. आमच्या मागे बनियनला भोक पडलं असणार, वास तरी तसाच येत होता.

चर्चमध्ये गाण्याची तालीम चालली होती. माझी बायको गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत असते. दारापर्यंत तर आम्ही सुसाट गेलो. तिथे भाई एकदम थबकला. इतक्या वर्षांत तो इथे कधी आत आलेला नव्हता.

“मी आत येऊ का?”

“अरे, हे काय विचारणं झालं? ये!”

“चपला काढतो.”

“राहू दे रे, चालतं!”

“मला नाही चालत,” भाई म्हणाला आणि चपला काढायला वाकला. तेवढ्यात त्याच्या हातातून दावं निसटलं. मास्तरणीने काही चपला घातलेल्या नव्हत्या. ती सरळ आत!

पाळकसाहेब आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात उंचावून गाणं घेत होते. अंगावर माझा कोट. त्यांना बारमाही सर्दी, त्यामुळे वासाचा प्रश्नच नव्हता. गाणं चांगलं वर चढलं होतं आणि कोटाचं मागचं टोक तालावर हलत होतं. मास्तरीण बाकांच्या मधून धावत गेली, त्या टोकात तोंड खुपसलं आणि हुंकार भरत चाटायला लागली. गाणं एकेका आवाजाने बंद पडलं. माझ्या बायकोने शेळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तपकिरी बटणाकडे.

“कोड आहे?” पाळकसाहेब चोंदलेल्या नाकाने म्हणाले आणि वळायला लागले.

“साहेब, हलू नका!” मी दारातून ओरडलो. “ती तुमची आई आहे!”

चर्चमध्ये एवढी शांतता मी प्रार्थनेच्या वेळीही ऐकलेली नाही.

“म्हणजे तुमची नव्हे, कोटाची!” मी पुढे धावत म्हणालो. “म्हणजे माझ्या कोटाची! जो तुम्ही घातलाय! त्याचं असं आहे साहेब, आई काही डोळ्यांनी ओळखत नाही. आपल्याला वाटतं—”

माझ्या तोंडावर एक तळहात येऊन बसला. भाईचा! एवढ्या वर्षांच्या मैत्रीत असं पहिल्यांदाच घडलं. त्याने दुसऱ्या हाताने शर्टातून पिल्लू काढलं. ते पार निपचित होतं.

“साहेब, माफ करा,” तो म्हणाला. “हे मरतंय. तुमच्या कोटाच्या आड ठेवू का?”

झालं. एवढंच. मला जे सांगायला पाऊण तास लागला असता, ते त्याने एका दमात सांगितलं, आणि पाळकसाहेबांना कळलंही.

“ठेव, बाळा,” ते म्हणाले. “बी हलत दाही.”

भाई अनवाणी पायांनी खाली बसला. पिल्लू कासेजवळ धरून त्याने कोटाचं टोक त्याच्या पाठीवर पांघरलं. मास्तरीण वळली. कोट हुंगला. पिल्लू हुंगलं. पुन्हा कोट. मी डोळे मिटून घेतले, कारण ढुशी बसली असती तर ते पिल्लू पुन्हा उठलं नसतं. भाईने आचळ दाबून दुधाची एक धार त्याच्या ओठांवर सोडली. या वेळी पान्हा सुटला होता.

“प्रोफेसर,” भाई हळूच म्हणाला, “शेपटी बघ.”

मी डोळे उघडले. कोटाखालून एक इवलीशी पांढरी शेपटी बाहेर आली होती आणि थरथर हलत होती. पिल्लू पोटात दूध जायला लागल्याशिवाय तशी शेपटी हलवत नाही. हे मात्र मी कुणाला समजावून सांगितलं नाही, कारण माझा आवाजच फुटत नव्हता. भाई तर उघड रडत होता.

पाळकसाहेबांचे हात अजून वरच होते, हलायचं नाही म्हणून. गाणारी मंडळी बिचारी सवयीची. वर झालेले हात दिसताहेत म्हटल्यावर एकीने सूर लावला, मग दुसरीने, आणि बघता बघता सगळ्यांनी गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. पिल्लाचं पोट भरेपर्यंत साहेबांनी हात खाली घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी बायकोने स्वतःच्या हाताने कात्री घेऊन कोटाची बाही कापली आणि पिल्लाला जाकीट शिवलं. तपकिरी बटणासकट! मी म्हटलं, “अगं, बाबांचा कोट!”

“बसला की शेवटी कुणाच्या तरी अंगाला नीट,” ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांत जाकिटाचीही गरज उरली नाही. मास्तरीण त्या पिल्लाला अशी चाटते, अशी दटावते, की बघणाऱ्याला वाटावं हिच्याच पोटचं. पाळकसाहेबांना त्यांचा कोट परत मिळाला. लाँड्रीवाला हल्ली आमच्या घरचे कपडे दोनदा धुतो. आता ही सगळी किमया मुळात कुणाच्या कोटामुळे झाली, हे मी चारचौघांत सांगायला विसरत नाही.

पुढच्या रविवारी चर्चला जायला मला कोट नव्हता. भाईने आपला लग्नातला कोट आणून दिला. भाई माझ्यापेक्षा चांगला हातभर उंच, त्यामुळे कोट माझ्या गुडघ्यापर्यंत आला आणि बाह्यांत माझी बोटं हरवली. पण एकंदरीत मी रुबाबदार दिसत होतो! वाटेत गोठा लागला. म्हटलं, जाता जाता मास्तरणीला दर्शन देऊन जावं. कितीही झालं तरी तिने मला पोटच्या लेकरासारखं चाटलं होतं. ओळख ठेवणारच!

मी कुंपणाशी... सॉरी, कुंपण आता नाही, दाराशी उभा राहिलो. मास्तरणीने मान वर केली. एकदा हुंगलं. आणि गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघून मान फिरवली, ती सरळ पिल्लाकडे.

खरं सांगतो, लागलं हो मनाला! मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणीच नव्हतं. मग जरा वाकलो, बाह्या सावरल्या, आणि अगदी हळू, बारीक आवाज काढून तिला म्हटलं, “मॅऽऽ?”

गव्हाणीच्या मागून भाईचं डोकं वर आलं. त्याने घसा खाकरला.

“प्रोफेसर,” तो म्हणाला, “चर्चला उशीर होतोय.”